गुंठ्याला मूठभर युरिया, तोही आभाळातून

जुनाखतवाला (रविवार, रात्री १०:१२)

मागच्या आठवड्यात आमच्याकडे गोड्या मसाल्याचा घाट घातला गेला. धणे, तीळ, सुकं खोबरं घरात होतं, दगडफूल तेवढं लालबागहून आणायचं काम माझ्याकडे आलं. पुडी वर्तमानपत्रावर उलटी करून काड्या-माती निवडायला बसलो आणि निवडायचं राहिलं बाजूला, चष्मा कपाळावर चढवून नुसता बघत बसलो. वरून राखाडी, उलटलं की काळं कुळकुळीत, कडा मुरडलेल्या. एका तुकड्याला झाडाच्या सालीचा कपचा अजून चिकटलेला. जन्मभर हा मसाला खातोय, पण हे फूल नाही, दगडाचंही नाही, बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला संसार आहे, हे मला यंदाच्या उन्हाळ्यात कळलं. तेही सातासमुद्रापार.

मी एका खत कारखान्यात युरियाच्या प्लांटवर ३१ वर्षं शिफ्ट केली. अमोनियाचा वास आला की माझे पाय अजून आपोआप वाऱ्याच्या उलट दिशेला वळतात. लेक कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला असते. तिथून जवळच रॉकी माउंटन नॅशनल पार्क. १९१५ पासून राखीव. फूल तोडायचं नाही, दगड उचलायचा नाही, खारीला दाणा टाकायचा नाही. आम्ही 'द लॉक' नावाच्या तळ्यापर्यंत चालत गेलो. उंची सुमारे ३१०० मीटर, त्यामुळे दर शंभर पावलांना मी बैठक मारायचो. वितळलेल्या बर्फाचं पाणी, तळाचे गोटे मोजून घ्यावेत इतकं नितळ. तिथे लेक म्हणाली, "बाबा, या पाण्यात तुमचं खत आहे."

मला वाटलं चेष्टा करतेय. नव्हती करत. त्या खोऱ्यात पडणारा पाऊस आणि बर्फ १९८३ पासून गोळा करून तपासतात. जिल बॅरन नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी आपली अख्खी कारकीर्द त्या एका खोऱ्यावर घातली. त्यांना दिसलं ते असं. पूर्वेला पायथ्याशी डेन्व्हर, बोल्डर, फोर्ट कॉलिन्स ही शहरं आणि त्यापलीकडे ग्रीलीच्या बाजूला शेती आणि गुरांचे प्रचंड वाडे, एकेका आवारात हजारो जनावरं. शहरातून गाड्यांच्या आणि वीजकेंद्रांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात, शेतातून आणि शेणमुतातून अमोनिया. दोन्ही हवेत भेटतात आणि अमोनियम नायट्रेटची धूळ बनते. म्हणजे चक्क खत! एरवी वारा पश्चिमेकडून असतो, पण हवामान बदललं की पूर्वेचा वारा डोंगर चढतो आणि हे सगळं पावसातून, बर्फातून वर ओततो.

तळ्याच्या गाळात डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांचे काचेसारखे सांगाडे थरावर थर साठतात. १९५० च्या आसपासच्या थरापासून त्यांच्यात पालट दिसतो. खाऊन-पिऊन सुखी पाण्यात वाढणाऱ्या जाती, अ‍ॅस्टेरिओनेला फॉर्मोसा वगैरे, पुढे आल्या आणि जुने रहिवासी मागे पडले. त्यावरून हिशेब मांडला की पावसा-बर्फातून हेक्टरी वर्षाला दीड किलो नत्र, म्हणजे नायट्रोजन, इथवर या तळ्यांना सोसतं. पडत होतं त्याच्या दुपटीच्या आसपास, सुमारे तीन किलो. २००७ मध्ये पार्क, राज्य सरकार आणि केंद्राची पर्यावरण संस्था यांनी मिळून ठरवलं की २०३२ पर्यंत ते दीड किलोवर आणायचं.

मी माझ्या जन्मात हजारो टन युरिया पोत्यात भरलेला माणूस. दीड किलो ऐकून आधी हसलो. मग परतीच्या वाटेवर एका धोंड्यावर दगडफुलाचे भाऊबंद दिसले आणि हसू गेलं. त्यांना मूळच नाही. जे काही खायचं ते हवेतून आणि पावसातून. म्हणजे हवा बिघडली की आधी तेच मरणार.

प्रश्न असा : आपल्या सह्याद्रीचं काय? मी बोरिवलीला नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून राहतो, म्हणून जरा जास्तच टोचतंय. जाणकारांनी लिहावं.

ट्राफिकजॅम (रविवार, रात्री १०:४०)

काका, लेख आवडला, पण एक बावळट शंका. खतच पडतंय ना? मग झाडं वाढतील, डोंगर हिरवा होईल. आमच्या बाल्कनीतल्या जास्वंदीला मी दोनशे रुपये किलोचं खत विकत आणून घालतो. इथे फुकट मिळतंय तर तक्रार कसली?

मसालाकूट (रविवार, रात्री १०:५५)

वाचनखूण साठवली. अवांतर : गोड्या मसाल्याचं प्रमाण द्या ना काका.

सड्यावरची (सोमवार, सकाळी ६:३५)

ट्राफिकजॅम, शंका बावळट नाही, सगळ्यांना हीच येते. प्रदूषण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळं काहीतरी येतं. हे हिरवं आहे, म्हणून कळत नाही.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि पंधरा वर्षं सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची कातळपठारं, पालथे घालतेय. कासचा सडा डोळ्यांसमोर आणा. जांभ्याचा कातळ, त्यावर कुठे बोटभर माती, कुठे तीही नाही. पावसाचे चार महिने पाण्यात, उरलेले आठ महिने तव्यावर. असल्या जागी धष्टपुष्ट गवताला पोट भरत नाही, म्हणून ते तिथे शिरत नाही, आणि म्हणूनच बुटक्या, चिमुकल्या, अर्धपोटी राहायला शिकलेल्या झाडांना जागा मिळते. ती फुलं पाहायला आपण मुंबईहून गाड्या काढून जातो. ज्या दारिद्र्यामुळे ती तिथे टिकली, तेच आपण काढून घेतलं तर?

ऑगस्टमध्ये पालथं पडून दवबिंदूचं रोप बघा एकदा. रुपयाच्या नाण्याएवढा पसारा. पानावर लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. एखादं चिलट बसलं की आजूबाजूचे केस हळूहळू त्याच्यावर वाकतात. मी एकदा घड्याळ लावून बसले होते, गुडघे भिजून पांढरे पडले तरी उठवेना. बाजूला सीतेची आसवं, त्यांचे सापळे तर मातीखाली, फुग्यांसारखे. एवढा सगळा खटाटोप कशासाठी? नत्रासाठी. मातीत नाही म्हणून किड्याच्या अंगातून काढायचं. स्वीडनमध्ये दलदलीतल्या दवबिंदूवर अभ्यास झाला, त्यात जिथे आभाळातून जास्त नत्र पडतं तिथली रोपं किड्यांवर कमी अवलंबून राहतात असं दिसलं. आयतं मिळालं तर शिकार कोण करील! पण मग त्याच आयत्या जेवणावर शेजारचं गवत उंच होतं, सावली धरतं, आणि शिकारी सावलीत मरतो.

ही ऐकीव गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला १८५६ पासून एका कुरणाचे पट्टे पाडून वेगवेगळी खतं घालतायत, प्रयोग अजून चालू आहे. बिनखताच्या पट्ट्यात वनस्पतींच्या कितीतरी जाती नांदतात. वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट खाल्लेल्या, चुना न घातलेल्या पट्ट्यात गवताच्या दोन-तीन उरल्या. गवत मात्र कमरेएवढं, अगदी हिरवंगार.

पाटलाचीवाडी (सोमवार, सकाळी ९:०५)

ताई, काका, तुमचं सगळं मान्य, पण आमचं ऐका. माझा कोरेगाव तालुक्यात ऊस आहे. सुरू, म्हणजे हिवाळ्यात लावलेल्या, उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, पावसाळ्यात लावलेल्या आडसालीला ४००. आणि तुम्ही दीड किलोवर धागा काढता? माझ्या पोत्याच्या तळाशी तेवढं चिकटून राहतं. शेवटी शेतकऱ्यालाच बोल लावायचा असेल तर सरळ लावा.

जुनाखतवाला (सोमवार, दुपारी १:२०)

पाटील, बोल लावायला मी कुठल्या तोंडाने लावू? तुम्ही टाकलेलं पोतं मीच भरलं असेल. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण तो कुलूपबंद. पूर्वी ते कुलूप वीज आणि द्विदल मुळांवरच्या गाठी उघडायच्या, १९१३ पासून हाबर-बॉश पद्धतीचा कारखाना उघडतो. आज जगातल्या निम्म्याजवळ लोकांचं जेवण त्या कारखान्यावर आहे. मला त्या नोकरीची लाज नाही.

आता तुमच्या भाषेत हिशेब करतो. हेक्टरी तीन किलो नत्र म्हणजे गुंठ्याला तीस ग्रॅम, म्हणजे साधारण ६५ ग्रॅम युरिया. एक मूठ. तुमच्या सुरू उसाला याच हिशेबाने गुंठ्याला साडेपाच किलो युरिया. ऊस ते मागतो, कारण तो खाऊन टनांनी वाढतो, आणि तुम्ही दरवर्षी तो तोडून नेता. डोंगरावर कोणी तोडणी करत नाही. दरवर्षीची मूठ तिथेच साठते. तीस-चाळीस वर्षांच्या मुठी धरा, त्याही बोटभर मातीत.

दुसरं, मुरलं नाही ते वाहून जातं. नायट्रेट पाण्याबरोबर उतरताना मातीतला कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेऊन जातं. माती आंबट होते. आणि थंड मुलखात हिवाळाभर बर्फात साठलेलं सगळं वसंतात दहा-पंधरा दिवसांत एकदम तळ्यात उतरतं.

ट्राफिकजॅम (सोमवार, दुपारी १:४८)

गुंठ्याला मूठ. आता कळलं. जास्वंदीचं खत आजपासून निम्मं.

कालव्याकाठी (सोमवार, दुपारी ४:३०)

नेदरलँड्समधून लिहितोय. आमच्याकडे डोंगर नावालाही नाही, पण नत्राने सरकार हलवलं. मे २०१९ मध्ये इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने नत्राच्या परवान्यांची सरकारी योजना मोडीत काढली, कारण पुढे कधीतरी नत्र कमी होईल या भरवशावर आजच परवाने वाटले जात होते. बांधकामं अडकली, ऑक्टोबरात शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर घेऊन हेग गाठलं आणि मार्च २०२० पासून महामार्गावर दिवसा १०० ची वेगमर्यादा आली. गाडीत बसलं की नत्र आठवतं. डच भाषेत त्याला 'स्टिकस्टॉफ' म्हणतात, शब्दशः गुदमरवणारा पदार्थ.

ठाणे_स्लो (सोमवार, रात्री ८:१५)

पण मुंबईत वारा समुद्रावरून येतो, सगळं उडवून नेतो, असंच आपण ऐकत आलोय ना?

जुनाखतवाला (सोमवार, रात्री ९:३०)

उडवून कुठे नेतो, हे कधी विचारलंय का? आमच्या प्लांटच्या छतावर वाऱ्याचा मोजा होता, पोपटी कापडाचा. गॅसची जरा शंका आली की आधी मान वर करायची, मोजा बघायचा. दुपारचा खारा वारा तो मोजा सरळ पूर्वेला ताणायचा. पूर्वेला कोण आहे? ठाणे-बेलापूर पट्टा, तळोजा, कल्याण, आणि मग थेट माथेरान, भीमाशंकरची भिंत. पावसाळ्यात तर दिवसरात्र तीच दिशा. समुद्रावरून स्वच्छ आलेली हवा शहर ओलांडून घाटाला टेकते तेव्हा ढग होऊन तिथेच रिकामी होते. कोलोरॅडोत पूर्वेचा वारा डोंगर चढतो, आपल्याकडे पश्चिमेचा, एवढाच फरक.

माथेरानला गाड्या दस्तुरीला थांबवतात. २००३ पासून तो पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील भाग आहे. पण खालची हवा काय दस्तुरीला पावती फाडून थांबणार आहे?

आणि आमच्या दाराशी नॅशनल पार्क, १०४ चौरस किलोमीटर. एका अंगाला पश्चिम द्रुतगती महामार्ग, दुसऱ्या टोकाला घोडबंदर रोड. आत तुळशी आणि विहार, दोन्ही तलाव एकोणिसाव्या शतकातले आणि अजून मुंबईला पाणी पाजणारे.

घोडबंदरवरून आठवलं. नवे बीएस-६ चे डिझेल ट्रक बघा, डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची छोटी टाकी असते. त्यात काय भरतात? युरियाचं पाणी, साडेबत्तीस टक्के! त्याने धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोडून साधा नायट्रोजन करतात. माझ्याच मालाने धूर धुतला जातो हे बघून बरं वाटतं. पण मात्रा जास्त झाली तर उरलेला अमोनिया नळीतून बाहेर. पेट्रोल गाड्यांचंही तेच, धूर शुद्ध करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थोडा अमोनिया बनवतंच.

सड्यावरची (मंगळवार, सकाळी ७:१०)

काका, गाड्यांच्या अमोनियावरून कॅलिफोर्नियाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सॅन होजेजवळ सर्पेंटाइन खडकाचे डोंगर आहेत, माती आपल्या सड्यासारखीच गरीब. तिथे बे चेकरस्पॉट नावाचं दुर्मीळ फुलपाखरू राहतं, त्याच्या अळ्या तिथल्याच एका बुटक्या रोपावर जगतात. संवर्धन म्हणून काही भागातली गुरं बंद केली. फुलपाखरू वाढायच्या ऐवजी नाहीसं झालं. का, तर शहराच्या धुरातून पडणाऱ्या नत्रावर बाहेरचं गवत माजलं आणि ते बुटकं रोप त्याखाली दबलं. जिथे गुरं चरत राहिली तिथे गवत आटोक्यात राहिलं आणि फुलपाखरूही. स्टुअर्ट वाइस यांनी १९९९ मध्ये हे मांडलं.

आता कासच्या कुंपणावरून किती भांडणं झाली ते आठवा. मी स्वतः सुरुवातीला कुंपणाच्या बाजूने होते. लोक फुलं तुडवायचे, फोटोसाठी लोळायचे. पण गुरं बंद झाली की गवत वाढतं असं गावकरी पहिल्यापासून सांगत होते आणि आम्ही प्राध्यापक मंडळी मान हलवून विषय बदलायचो. वर्षातून ठरावीक दिवस चरणारी गुरं म्हणजे डोंगराची तोडणीच. पाटील ज्याला ऊस तोडून नेणं म्हणतील, तेच काम.

पाटलाचीवाडी (मंगळवार, सकाळी ८:५५)

ताई, हे लिहिलंत हे बरं केलंत. आमचे आजोबा कासच्या अंगाला गुरं घेऊन जायचे, तेव्हा फुलं काय कमी होती?

काकांना एक विचारतो. युरियाला आता कडुनिंबाचा लेप असतो ना, २०१५ पासून सगळाच तसला मिळतो. मग अमोनिया उडायला नको.

जुनाखतवाला (मंगळवार, दुपारी १२:४०)

लेप आहे, पण त्याचं काम पुढच्या पायरीवर. युरियाचा आधी अमोनिया होतो, मग मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. निंब त्या दुसऱ्या पायरीला ब्रेक लावतो. पहिल्या पायरीवर, वरच्यावर विस्कटलेल्या ओल्या गरम मातीतून जो अमोनिया उडतो त्याला निंब फारसा अडवत नाही. टाकल्यावर दोन दिवसांनी सरीत वाकून वास घ्या, माझ्या शिफ्टचा वास येईल. मातीआड केलात किंवा लगेच पाणी दिलंत तर पुष्कळ वाचेल. २६६ रुपयांचं पोतं स्वस्त वाटतं म्हणून कोणी हिशेब करत नाही. पिकाच्या पोटात निम्मंही जात नाही.

कोलोरॅडोतली एक गोष्ट मला फार आवडली. डोंगराकडे वारा चढणार असा अंदाज आला की पायथ्याच्या शेतकऱ्यांना आणि गोठेवाल्यांना आधी निरोप जातो. त्या दोन-तीन दिवसांत शेण उकरायचं, पसरायचं काम जमेल त्याने पुढे ढकलायचं. सक्ती नाही, दंड नाही. लेकीच्या शेजारच्या गोठेवाल्याला विचारलं तर म्हणाला, निरोप आला की मी पावडं ठेवतो आणि ट्रॅक्टरचं ऑइल बदलतो, तेही काम असतंच की.

पाटलाचीवाडी (मंगळवार, दुपारी १:१५)

असला मेसेज आला तर मी मानीन. पाऊस येणार म्हणून मेसेज येतो तेव्हा फवारणी थांबवतोच ना. बांधाकडच्या दोन सऱ्या यंदा भरणीला मातीआड करून बघतो, बाकी नेहमीसारख्या. फरक दिसला तर इथेच लिहीन, नाही दिसला तरी लिहीन.

ठाणे_स्लो (मंगळवार, रात्री ९:००)

दगडफुलाचं राहिलंच की. काका, ते आधी मरतं म्हणता, मग बाजारात इतकं कसं?

सड्यावरची (मंगळवार, रात्री ९:५०)

मी सांगते. सगळी सारखी नसतात. पॅरिसमध्ये १८६६ मध्येच नायलँडर यांनी पाहिलं होतं की शहरातून ही दगडफुलं नाहीशी होतायत आणि बागेत टिकतायत. तेव्हा दोष गंधकाच्या धुराचा होता. युरोपात गंधक कमी झाल्यावर काही परत आली, पण कुठली? रस्त्याकडेच्या झाडांवर झेंथोरिया, हळदीसारखी पिवळी, जिला नत्र मानवतं. लोंबती, दाढीसारखी, निवडून खाणारी मात्र तितकी आली नाहीत. मसाल्यात येतं ते बरंचसं हिमालयातून आणि घाटातून गोळा होतं, आणि त्या पुडीत एकच जात कधीच नसते. हिमालयाच्या पायथ्याचं गंगेचं मैदान उपग्रहाला जगातल्या सगळ्यात ठळक अमोनियाच्या पट्ट्यांपैकी एक म्हणून दिसतं. तेव्हा पुडी निवडताना काकांसारखा चष्मा वर करून बघा.

जुनाखतवाला (बुधवार, सकाळी ७:४०)

काल पहाटे भिंग घेऊन कान्हेरीच्या रस्त्याने गेलो. गेटजवळच्या झाडांच्या सालीवर फक्त पोपडे, चुन्याचे डाग पडावेत तसे चिकटून बसलेले. वर, पायऱ्या सुरू होतात त्याच्या अलीकडे, एका जुन्या झाडाच्या उत्तरेच्या अंगाला पानासारखं सुटं दगडफूल मिळालं, तळहाताच्या निम्म्याएवढं. फोटो काढला, हलला आहे. शास्त्र म्हणून याला किंमत शून्य, एका म्हाताऱ्याचा फेरफटका आहे. पण ते झाड आता मी दर महिन्याला बघणार, पट्टी लावून फोटो काढणार. कोणाला सोबत यायचं असेल तर सव्वासहाला गेटवर.

मसालाकूट, तुमचं राहिलं होतं. अर्धा किलो धण्याला १० ग्रॅम दगडफूल पुरे. बायको म्हणते ते सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून गरम तेलात टाकायचं, नाहीतर कडू होतं. आणि बाजारातूनच आणा, पार्कातलं खरवडू नका.

मसालाकूट (बुधवार, सकाळी ८:०२)

धन्यवाद काका. सव्वासहा म्हणजे पहिली बोरिवली लोकल कुठली पकडू? मी डोंबिवलीहून येणार.